स्टुडिओतलं तुळशीचं लग्न

माझ्या कानांचा मला गर्व आहे. डोळ्यांना चष्मा आहे, उंची बेताची आहे, राग कायम नाकावर असतो, पण कान मात्र शाबूत आहेत आणि शिकलेले आहेत. ते शिकले उल्हासनगरातल्या एका कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. त्या खोलीत एका संध्याकाळी जे झालं ते मी आजही कामावर नव्या आलेल्या माणसाला सांगते. त्याला ऐकायचं नसलं तरी सांगते.

बारावीनंतर मी ऑडिओ-व्हिडिओ प्रॉडक्शन शिकायला लागले तेव्हा ही पोरगी नक्की काय शिकतेय हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. आम्ही खरवई गावचे. भाताची शेती होती, त्यातली बरीचशी आता इमारतींच्या खाली आहे. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरीला. ते शेजारपाजारी सांगायचे, "फोटोग्राफरचं शिकतेय." आणि आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, जी नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते, ती म्हणायची, "टीवीवर बातम्या सांगनार. तोंड हायच तिला."

तोंड आहेच. पण पहिल्याच आठवड्यात ते बंद ठेवायची वेळ आली. आमचे सर आधी बरीच वर्षं सिरियलच्या सेटवर साउंड रेकॉर्डिस्ट होते. त्यांनी वर्गाचे गट पाडले, कॅमेरा, एडिट आणि साउंड. कॅमेऱ्यावर सगळी पोरं तुटून पडली. मलाही कॅमेराच हवा होता, पण पुढच्या बाकावरच्या उंच पोरांच्या मागे माझा हात सरांना दिसलाच नाही. उरलं काय, तर साउंड. माझं डोकं फिरलं. मी उभी राहून म्हटलं, "सर, आम्ही काय वायरी गुंडाळायला आलोय का इथे?" सर चिडले नाहीत. त्यांनी त्यांचे हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले, माइक खिडकीबाहेर धरला आणि म्हणाले, "पाच मिनिटं गप्प उभी राहा. मग काय काय ऐकलं ते सांग."

पाच मिनिटं गप्प राहणं हीच माझ्यासाठी मोठी परीक्षा होती. पण हेडफोन लागले आणि मी खरंच गप्प झाले. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर मिठाईची खोकी बनवायचा कारखाना होता, त्याचं मशीन धाड धाड चालायचं. ते तर साध्या कानांनीही ऐकू यायचं. पण त्या दोन धाडींच्या मध्ये पुठ्ठा सरकल्याचा आवाज होता. खाली कुणीतरी सिंधीत भाव करत होतं आणि समोरचा हिंदीत नाही नाही म्हणत होता. वर्गातल्या पंख्याचं एक पातं कशाला तरी घासत होतं. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आणि सर, तुमच्या पोटात गुरगुरतंय. तुम्ही नाश्ता केला नाहीये." वर्ग हसला. सर म्हणाले, "हिला साउंडवरून कुणी हलवायचं नाही."

त्या दिवसापासून मी वायरी गुंडाळल्या, आणि अभिमानाने गुंडाळल्या.

आमचा स्टुडिओ म्हणजे पूर्वीची स्टोअररूम. भिंती उघड्या, टाळी वाजवली की ती परत यायची. आवाज शोषून घ्यायला जे फोम लागतात ते कॉलेज देईना, तेव्हा सरांनी फर्मान काढलं की प्रत्येकाने घरून एक जुनी गोधडी आणायची. आम्ही खिळे ठोकून चारी भिंतींवर गोधड्या टांगल्या. दाराशेजारची माझी होती, आत्याने तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. माइक लांबून धरायचा दांडा महाग, म्हणून मी रंगाऱ्याचा रोलर लावायचा लांब दांडा आणला आणि त्यालाच माइक बांधला. माइकवर वारा लागू नये म्हणून केसाळ टोपी लागते. ती माझ्या मैत्रिणीने उल्हासनगरच्याच कॅम्प दोनमधून करून आणली. ही माझी वर्गातली सिंधी मैत्रीण, कॅमेऱ्यावर होती, तिच्या ओळखीत टेडी बेअर शिवणारे होते. टोपी गुलाबी निघाली. पोरं चिडवायची, "भालू आला, भालू आला." मी म्हणायचे, "हसा. तुमच्या व्हिडिओत आवाज कुणाचा आहे ते बघा आणि मग हसा."

आता आत्याचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच आहे. आमची आत्या धवलारीण आहे. आमच्या पट्ट्यातल्या लग्नात हळदीपासून ते लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीला जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ती म्हणणारी बाई ती धवलारीण. पूर्वी तर म्हणे तीच लग्न लावायची. आता भटजी असतो, डीजे असतो, ड्रोन असतो, आणि धवलारीण एका कोपऱ्यात हळदीच्या ताटाशी बसून आपलं काम करत असते. धवल्यात देवांना बोलावतात, डोंगरांना बोलावतात, नदीला बोलावतात, मग नवरीच्या घरच्या माणसांची नावं गुंफतात. ते सगळं आत्याच्या तोंडात होतं. तिच्या बरोबरीच्या बाया गेल्या होत्या, आणि तरुण बायांना सुरुवातीचं येतं, पुढचं येत नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने स्वतःचा एक प्रोजेक्ट करायचा होता. मी ठरवलं, आत्याचे धवले. सुरुवात मे महिन्यातच केली. चुलतभावाचं लग्न होतं. मी आत्याच्या पदराला छोटा माइक लावला आणि छाती काढून मांडवात फिरायला लागले. झालं काय, आत्याने सवयीने पदर डोक्यावरून ओढला आणि कमरेला घट्ट खोचला, माइक गेला घड्यांच्या आत. तेवढ्यात बेंजो पार्टीने वाजवायला सुरुवात केली. मी तिकडे जाऊन म्हटलं, "दहा मिनिटं बंद करा, धवले चाललेत." तर नवरीकडचा एक काका म्हणतो, "लग्न आहे की शोकसभा?" मी म्हटलं, "लग्नच आहे, म्हणून तर धवले आहेत. तुमच्या बेंजोने लग्न लागतं का?" मग जी काय वादावादी झाली ती विचारू नका. वडिलांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं.

कॉलेजात ते रेकॉर्डिंग सरांनी ऐकलं. थोडंसं ऐकून हेडफोन काढले आणि म्हणाले, "यात बाई कुठे आहे?"

खरंच नव्हती. कापड घासल्याचा आवाज होता आणि बेंजो होता. मला इतकं लागलं ते की मी त्या दिवशी डबाही खाल्ला नाही.

पुढे पावसाळा. देव झोपले की आमच्याकडे लग्नं बंद. म्हटलं ठीक आहे, दिवाळीनंतर लग्नसराई येईलच. आणि श्रावणात आत्याचा गाल सुजला. हेंद्रेपाड्यात दातांचा दवाखाना आहे, तिथे मी तिला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि सरळ सांगितलं की हिरड्या खराब झाल्यात, त्यात शुगर आहे, बरेच दात हलतायत, सगळे काढावे लागतील आणि मग कवळी. उशीर केला तर त्रास वाढेल. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुलशीचं लगीन झालं की बगू."

घरी सगळ्यांनी तिला समजावलं. वडील रागावले. ती लवंग दाताखाली धरायची आणि मऊ भात खायची, पण दवाखान्याचं नाव काढू द्यायची नाही. मला कळेना की एवढी शहाणी बाई असा हट्ट का करते. मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर ती मोरीच्या आरशासमोर उभी. दोन्ही ओठ दातांवरून आत ओढून घेतलेले, बोळक्यासारखं तोंड केलेलं, आणि म्हणत होती, "सासू. सासरा. शेस. शालू." पुन्हा पुन्हा तेच. प्रत्येक शब्दाला हवा सुटत होती.

मला पाहून तिने तोंड पुसलं. मी म्हटलं, "आत्या, काय चाललंय?"

"बगत होते," ती म्हणाली. "दात गेलं का सगलं असं फूसफूस व्हनार. आनि धवल्यात शबूद चुकला तर लगीन नीट लागत नाय गो. माज्या सासूनं मना येकेक शबूद घोटून घेतलाय."

म्हणजे ही बाई दुखणं सोसत होती ते शब्दांसाठी. मी तिथल्या तिथे म्हटलं, "चल, आत्ता बस. मी रेकॉर्ड करते, मग उद्या जाऊन दात काढू."

"नाय."

"का?"

"लगीन नाय तं धवला कनाला? रिकाम्या मांडवात बोलवलंस देवान्ला, तं ते येऊन बगतील कुनाला? हसतील मना."

मी समजावलं, विनवलं, आणि मग माझ्या स्वभावाप्रमाणे भांडले. म्हटलं, "तुझे दात पडले तर तुझे देव येणार आहेत का कवळी बसवायला?" ते ऐकून ती उठून गेली. दोन दिवस आमचं बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "चा ठेव." म्हणजे मिटलं. पण धवला नाही तो नाहीच.

दिवस चालले होते. इकडे आत्याचे दात आणखी हलत होते, तिकडे माझा प्रोजेक्ट देण्याची तारीख जवळ येत होती, आणि मला प्रोजेक्टपेक्षा दातांची धास्ती जास्त होती. दिवाळी झाली. मी अंगणात तुळशीवृंदावनाला गेरू लावत होते. दरवर्षी आमच्या तुळशीच्या लग्नाला आत्या धवले म्हणते. पण आता चारी बाजूंना टॉवर, आणि त्या संध्याकाळी प्रत्येक गॅलरीतून फटाके. माणूस शेजारी उभा राहून बोलला तरी ऐकू येत नाही. हाताला गेरू लागलेला, आणि मी तशीच बसून राहिले. मग आत गेले.

"आत्या, तुळशीचं लग्न म्हणजे खरं लग्न ना?"

"मंग काय खोटं?"

"आणि ते अंगणातच लावायला हवं का?"

"जिथं तुलस तिथं लगीन."

"माझ्या कॉलेजात तुळस नेली तर?"

तिने विळीवरचा हात थांबवला. मला वाटलं आता शिव्या पडणार. ती म्हणाली, "मांडव लागंल. ऊस लागंल, तो मामा. आनि वऱ्हाड लागंल. बिनवऱ्हाडाचं लगीन मी लावनार नाय. आनि दिवेलागनीला. दुपारचं नाय."

मी तिचे पाय धरायला वाकले तर म्हणाली, "गेरूचं हात लावू नको मना."

सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "गोधड्यांच्या खोलीत निरांजन लावणार?" मी म्हटलं, वाळूची बादली ठेवते. दुसरा प्रश्न अवघड होता. शेजारचं खोक्यांचं मशीन. आम्ही नेहमी रेकॉर्डिंग कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत करायचो, कारण ती धाड गोधड्यांनाही जुमानायची नाही. दिवेलागणीला तर त्यांचं काम जोरात असायचं. लग्नसराईची खोकी. मालकाशी बोलावं तर तिथे मी आधीच घाण करून ठेवलेली. पहिल्या वर्षी मी खाली जाऊन त्यांच्याशी कडाकडा भांडले होते. "दस मिनट मशीन बंद करने में क्या जाता है?" असं विचारलं होतं, आणि ते म्हणाले होते, "बेटा, तेरा स्टुडिओ बंद कर, मेरा क्या जाता है?" तेव्हापासून ते मला पाहिलं की मान फिरवायचे. मीही फिरवायचे.

"तू जा," मी मैत्रिणीला म्हटलं. "तुमच्या सिंधीत बोल."

ती गेली आणि परत आली. "नहीं मान रहे. बोलतात ऑर्डर आहे. रेकॉर्डिंगसाठी काय कारखाना बंद ठेवायचा का, असं विचारतात."

लग्नाचा दिवस उजाडला तरी हा प्रश्न तसाच. दुपारनंतर वडील आत्याला घेऊन रिक्षाने आले. आत्या नवं लुगडं नेसून, नथ घालून, मांडीवर तुळशीची कुंडी आणि पिशवीत देवघरातला बाळकृष्ण घेऊन बसलेली, आणि उसाच्या कांड्या रिक्षाच्या बाहेर. गेटवरच्या वॉचमनने काही विचारायच्या आत तिने त्याला सांगितलं, "नवरी हाय, वाट सोड." जिन्यात ती थांबली. धाड. धाड.

"यो कोन ठोकतंय?"

मी सांगितलं. ऐकत नाहीत म्हटलं. थोडं जास्तच सांगितलं, रागात.

"तू त्यान्ला आवतान दिलंस?"

"कसलं आवतण?"

"लगीन हाय ना? भिंतीला भिंत लागून शेजारी, आनि अक्षता दिल्या नाय? मंग तो कनाला आयकंल तुजं? मीबी नसतं आयकलं."

तिने कुंडी वडिलांच्या हातात दिली, पिशवीतून हळदकुंकवाचा डबा आणि अक्षता काढल्या आणि जिना उतरायला लागली. मी मागे, तोंड आंबट करून. कारखान्यात शिरली ती सरळ मालकांसमोर. मशीनच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नव्हतं. तिने त्यांचा हात धरून सरळ केला, तळव्यावर अक्षता ठेवल्या आणि आपल्या बोलीत ठणकावून म्हणाली, "वरती लगीन हाय. समद्यांनी यावा."

मालक गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "शादी? किसकी शादी?"

"तुलसी की," मी म्हटलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

त्यांनी तळव्यावरच्या अक्षतांकडे पाहिलं. मग पायांतल्या चपला बाजूला काढल्या. "तो ये बोलना था ना पहले," ते म्हणाले. "तू आती है तो झगड़ा करती है, आवाज, आवाज. शादी का तो बोली ही नहीं." आणि त्यांनी स्वतः जाऊन मेन स्विच खाली केला. मशीन हळूहळू थांबलं. कामगार एकमेकांकडे बघायला लागले. आत्या म्हणाली, "हात धुवा आनि चला."

असं आमचं वऱ्हाड झालं. खोक्यांच्या कारखान्यातले कामगार, कॅमेऱ्याची पोरं, सर, वडील आणि मालक. मालक येताना पेढ्यांचं खोकं घेऊन आले, अर्थात स्वतःच्याच कारखान्याचं.

स्टुडिओत पाऊल टाकल्यावर आत्या दाराशी थबकली. भिंतीवरच्या गोधडीला हात लावून म्हणाली, "ही माजी. मी म्हनते गेली कुठं." मी घरी सांगितलंच नव्हतं. आणि त्या गोधडीखालीच तिने आपली बसायची जागा केली. चार खुर्च्यांना ऊस बांधून मांडव झाला. एक ऊस मामा म्हणून नवरीमागे धरून उभं राहायचं होतं, तो छताला लागत होता. आत्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तो मालकांच्या हातात दिला. "मामा, धरा." ते तिरका ऊस धरून इतके सरळ उभे राहिले की मैत्रिणीने कॅमेरा प्रथम त्यांच्यावरच नेला.

मी माझा रंगाऱ्याचा दांडा उचलला. या वेळी पदराला माइक नाही. गुलाबी टोपीचा माइक आत्याच्या कपाळाच्या वर, फ्रेमच्या जरा बाहेर धरला, हेडफोन लावले, पंखा बंद करायला लावला, सगळ्यांचे मोबाइल बाहेर ठेवायला लावले. सर मागे वऱ्हाडात बसले होते, हात मांडीवर ठेवून. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी मान हलवली, म्हणजे चालू कर. माझ्या रेकॉर्डरला त्यांनी हात लावला नाही. तेवढ्यानेच माझी मान ताठ झाली.

आत्याने धवला उचलला.

मी तो आवाज जन्मापासून ऐकत आले होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तिचा आवाज खालचा, जाडसर, कुठे नखरा नाही. श्वास कुठे घेते ते ऐकू येत होतं. देवांना बोलावलं, बारवीकडच्या डोंगरांना बोलावलं, उल्हास नदीला बोलावलं. एक समोरचा दात हलत होता, ठरावीक शब्दांना त्याचा टक असा आवाज यायचा, आणि तिथे ती जीभ अलगद टेकवून शब्द सांभाळायची. कुणाला कळलं नसतं. मला हेडफोनमध्ये कळत होतं. एकही शब्द तिने सोडला नाही. नवरीच्या माणसांची नावं घ्यायची वेळ आली तेव्हा तिने मामाच्या जागी खोक्यांच्या कारखान्याचा मामा गुंफला. कामगार गालात हसले आणि मालकांच्या डोळ्यांना पाणी आलं. मग नवरीच्या करवलीचं नाव घ्यायची वेळ आली. तिथे आत्याने माझं नाव घेतलं आणि पुढे म्हणाली, आवाज धरणारी करवली, उंच हाताची करवली.

दांडा वरती धरून खांद्यांत पेटके येत होते आणि त्यात हे ऐकलं. रडू येत होतं. पण रडले असते तर माझं नाक ओढल्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये गेला असता, म्हणून तोंडाने हळूहळू श्वास घेतला. दांडा खाली आला नाही. हे मी कुणालाही छातीठोक सांगेन, दांडा खाली आला नाही.

मंगलाष्टकं, अक्षता सगळं झालं. लोक उठायला लागले तेव्हा मी म्हटलं, "कुणीही हलायचं नाही. एक मिनिट शांतता पाहिजे." प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची असते, पुढे जोडकामात उपयोगी पडते. सरांनी आमच्याकडून हे घोटून घेतलं होतं. वऱ्हाडाला वाटलं हाही लग्नातलाच विधी आहे. सगळे जागच्या जागी उभे राहिले, मालक ऊस धरून. मशीन बंद, पंखा बंद. उल्हासनगरात तेवढी शांतता मी त्यानंतर कधी ऐकली नाही.

दोन दिवसांनी मी स्वतः आत्याला हेंद्रेपाड्याला नेलं आणि टप्प्याटप्प्याने तिचे सगळे दात काढून घेतले. तिने कुरकूर केली नाही. एडिटिंगच्या वेळी सर म्हणाले, "ते दाताचे टक आवाज काढून टाक, सॉफ्टवेअरमध्ये निघतील." मी म्हटलं, नाही काढणार. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "सर, हे तिचे शेवटचे दात आहेत." ते म्हणाले, ठेव. परीक्षेला बाहेरून जे परीक्षक आले होते त्यांनी पूर्ण ऐकलं, डोळे मिटून. मग विचारलं की कुठल्या स्टुडिओत केलं. सरांनी दार उघडून त्यांना गोधड्यांची खोली दाखवली. मी शेजारी उभी होते. सर म्हणाले, "ही आमची साउंडची मुलगी." बाकी मार्कबिर्क मला आठवतही नाहीत.

आत्याला मात्र ते रेकॉर्डिंग ऐकायचं नव्हतं. "आपलाच आवाज कनाला आयकू? हाय ना नीट? मंग झालं." कवळी बसली, ती तिला टोचायची, आणि स आणि श ला शिट्टी वाजायची. तिला जे वाटत होतं तेच झालं. मला वाटलं आता ही कुठल्या लग्नाला जाणार नाही.

पण माघात आमच्याच आळीत लग्न निघालं आणि आवतण आलं. ती निघाली. मीही गेले, रेकॉर्डर न घेता. हळदीच्या वेळी आत्याने धवला उचलला आणि दुसऱ्याच ओळीला शिट्टी वाजली. जवळच्या पोरी फिसकन हसल्या. माझा पारा चढला, पण आत्या त्यांच्याबरोबर हसली. पुढे एका ठिकाणी कवळी सरकली आणि तिचा एक शब्द गेला. मी तो धवला एडिट करताना इतक्यांदा ऐकला होता की मला तो तोंडपाठ होता. मी पुढे वाकून तो शब्द तिला सांगायला लागले, "आत्या, तिथं..."

तिने हळदीचा हात वर करून मला थांबवलं.

"तुज्याकडं हाय ते बरोबर हाय ना?"

"हो."

"शबूद न शबूद?"

"हो आत्या."

"मंग आता मना चुकू दे," ती म्हणाली, आणि शिट्टी वाजवत पुढची ओळ म्हणायला लागली.